‘उजळणी’ हा शब्द कुणाचा?

आधी प्रश्न थोडक्यात मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. प्रश्नकर्त्यांनी शाळकरी मुलांच्या सरावासाठी एक अ‍ॅप काढलं आहे आणि त्याच्या नावात ‘उजळणी’ हा शब्द आहे. अ‍ॅप बऱ्यापैकी चालायला लागल्यावर एका मोठ्या कंपनीच्या वकिलाची नोटीस आली: ‘उजळणी’ हा आमचा ट्रेडमार्क आहे, पंधरा दिवसांत नाव काढा, नाहीतर नुकसानभरपाईचा दावा लावू. त्यावर त्यांनी विचारलंय, की घराघरांत आणि वर्गावर्गांत बोलला जाणारा शब्द एका कंपनीचा होतोच कसा, आणि असे रोजचे शब्द ट्रेडमार्क म्हणून मुळात द्यावेत तरी का?

मी गेली बावीस वर्षं ट्रेडमार्कचंच काम करते. नोटीस पाठवणाऱ्यांच्या बाजूने केलंय, तसंच नोटीस आलेल्यांच्या बाजूनेही. तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. एक धोरणाचा: कायद्याने असा शब्द कुणाला द्यावा का? दुसरा तुमच्या हातातल्या नोटिशीचा. पहिल्याचं उत्तर मी ठामपणे देऊ शकते. दुसऱ्याचं बरंचसं तुमच्या कागदपत्रांवर आणि तारखांवर अवलंबून आहे, ते शेवटी घेते.

ट्रेडमार्क मिळाला म्हणजे शब्द विकत घेतला, अशी समजूत सर्रास दिसते. कधीकधी ट्रेडमार्क घेणाऱ्यांचीही तीच असते, आणि तुमच्यासारख्यांना येणाऱ्या नोटिशी बहुतेक त्यातूनच निघतात. ट्रेडमार्क म्हणजे खूण. हा माल अमक्याकडून आला आहे, हे ग्राहकाला चटकन कळावं म्हणून लावलेली खूण. कायदा तिला जपतो तो ठरावीक मालापुरता. भाषेतला शब्द जागच्या जागी राहतो. डिस्नेने ‘हाकुना मटाटा’ हे स्वाहिली शब्द अमेरिकेत कपड्यांसाठी नोंदवून घेतले, नोंदणी २००३ ची. २०१८ मध्ये त्याचा बोभाटा झाला आणि विरोधाच्या निवेदनावर लाखाहून जास्त सह्या झाल्या. खरं पाहता पूर्व आफ्रिकेतल्या कुणालाही ते शब्द बोलायची, लिहायची बंदी कधीच नव्हती. अडत होतं ते कपड्यांवर खूण म्हणून वापरण्यापुरतं. पण म्हणून सह्या करणाऱ्यांचा राग खोटा होता असं मी म्हणणार नाही. ज्यांच्या तोंडी तो शब्द पिढ्यान्‌पिढ्या आहे, त्यांना एका वस्तूपुरतं का होईना दाराबाहेर उभं करायचं, हे टोचणारच.

तरीही ‘हा शब्द रोजच्या वापरातला आहे का?’ या प्रश्नाने फारसं काही हाती लागत नाही. रोजच्या वापरातले कितीतरी शब्द उत्तम ट्रेडमार्क ठरलेत. संगणकावर ‘अ‍ॅपल’ पाहून कुणी फळ शोधत नाही. विचारायचं असतं ते असं: कोणता शब्द, आणि कोणत्या मालावर?

तुमचाच शब्द घेऊ. पाढ्यांची पुस्तिका कुणी ‘उजळणी’ नावाने विकायला काढली, तर ती वस्तूच उजळणी आहे. मराठीत तिला तेच म्हणतात. सरावाच्या अ‍ॅपवर तोच शब्द घातला, तर अ‍ॅप काय करतं ते तो सांगतो, म्हणजे वर्णन झालं. बुटांच्या पॉलिशला ‘उजळणी’ म्हटलं, तर वाचणाऱ्याला क्षणभर थांबून उजळण्याशी नातं जोडावं लागतं. शब्द सुचवतो, सांगून टाकत नाही. आणि सायकलीला हे नाव दिलं, तर शब्दाचा मालाशी काहीच संबंध उरत नाही. याच्याही पुढची पायरी घडवलेल्या शब्दांची. ‘कोडॅक’ हा शब्द जॉर्ज ईस्टमन यांनी स्वतः जुळवला आणि १८८८ पासून वापरला. त्याआधी तो कुठल्या भाषेत नव्हताच.

शब्द एकच राहिला, माल बदलला तसा त्याचा कस बदलत गेला. ही उतरंड न्यायाधीश हेन्री फ्रेंडली यांनी १९७६ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅबरक्रॉम्बी अँड फिच या कंपनीच्या खटल्यात इतकी नीट लावून दिली, की भारतातल्या निकालपत्रांतही तिचा हवाला सापडतो. त्या खटल्यातला शब्द होता ‘सफारी’. काही कपड्यांच्या बाबतीत, म्हणजे त्या विशिष्ट पद्धतीची टोपी किंवा जाकीट, ते वस्तूच्या प्रकाराचंच नाव ठरलं. बुटांच्या बाबतीत मात्र तसं ठरलं नाही. एका निकालात एकच शब्द दोन पायऱ्यांवर.

आता धोरणाचं उत्तर. सगळ्यात खालची पायरी, म्हणजे वस्तूचं स्वतःचं नाव, त्या वस्तूसाठी कुणालाही कधीही देऊ नये. कितीही जाहिरात केली, कितीही वर्षं वापरलं, लोक कितीही ओळखायला लागले, तरी नाही. यामागे भाषेवरचं प्रेम आहेच, पण मुख्य कारण बाजाराचं आहे. वस्तूचं नाव एकाकडे गेलं, तर दुसरा तीच वस्तू करू शकेल, पण आपण काय विकतो ते गिऱ्हाइकाला सांगू शकणार नाही. पाढ्यांच्या पुस्तिकेला ‘उजळणी’ न म्हणता विकून पाहा. ‘पाठांतरासाठी अंकांच्या गुणाकारांची मांडणी’ असलं काहीतरी मुखपृष्ठावर छापावं लागेल आणि पालक ते न उघडताच पुढे जातील.

त्यात काळाचा प्रश्न येतो, आणि तो लोकांच्या लक्षात येत नाही. पेटंट साधारण वीस वर्षांनी संपतं. ट्रेडमार्कला शेवट नाही. भारतात दर दहा वर्षांनी नूतनीकरण केलं की तो चालू राहतो, इतर बहुतेक देशांतही तसंच. म्हणजे वस्तूचं नाव कुणाच्या हाती दिलं, तर ती वस्तू मागच्या दाराने कायमची त्याच्या हाती जाते. हे न्यायालयांना फार लवकर उमगलं. फ्रेडरिक वॉल्टन यांनी लिनोलियम, म्हणजे जमिनीवर अंथरायचं एक आच्छादन, शोधलं, नावही त्यांनीच ठेवलं. पेटंट संपल्यावर दुसऱ्या कंपनीने तीच वस्तू त्याच नावाने विकायला घेतली. वॉल्टनच्या बाजूचं म्हणणं होतं, की लोक लिनोलियम म्हणजे आमचाच माल समजतात. इंग्लंडच्या न्यायालयाने १८७८ मध्ये ते मानलं नाही. इतकी वर्षं दुसरं कुणी करतच नव्हतं, म्हणून लोक तसं समजत होते. तो पेटंटचा परिणाम होता, नावाची पुण्याई नव्हती. अमेरिकेत ‘श्रेडेड व्हीट’ या नाश्त्याच्या गव्हाच्या पदार्थावरून हाच वाद झाला. पेटंट १९१२ मध्ये संपलं होतं, तरी मूळ कंपनी प्रतिस्पर्धी केलॉग कंपनीला ते नाव वापरू देईना. १९३८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की वस्तू सगळ्यांना मोकळी झाली तेव्हाच तिचं नावही मोकळं झालं.

मला हा विचार अगदी पटतो. नवी वस्तू काढणाऱ्याने म्हणूनच पहिल्या दिवशी दोन नावं ठेवावीत, एक वस्तूचं आणि एक स्वतःचं. माझ्याकडे नवा शोध घेऊन येणाऱ्यांना मी हे सांगते, तेव्हा बहुतेकांना ती कटकट वाटते.

या उलटचा प्रवासही आहे. घडवलेलं नाव लोकांच्या तोंडी इतकं बसतं, की ते वस्तूचंच नाव होऊन जातं. ‘अ‍ॅस्पिरिन’ हे बायर कंपनीने १८९९ मध्ये घेतलेलं नाव. अमेरिकेतलं पेटंट १९१७ मध्ये संपलं आणि १९२१ मध्ये न्यायाधीश लर्नेड हँड यांच्यापुढे प्रश्न आला. त्यांनी विचारलं ते एवढंच: विकत घेणारा हा शब्द ऐकून काय समजतो? औषधविक्रेते आणि डॉक्टर त्याला बायरची खूण समजत होते, सामान्य माणूस डोकेदुखीच्या गोळीचं नाव समजत होता. निकालही तसाच दुभागून दिला. आणि तरी जर्मनीत, कॅनडात ‘अ‍ॅस्पिरिन’ आजही बायरचाच ट्रेडमार्क आहे. एकच शब्द एका देशात सगळ्यांचा आणि दुसऱ्या देशात एकाचा असू शकतो, कारण तिथले लोक तो वेगळ्या तऱ्हेने वापरतात.

‘एस्कलेटर’चं नाव तर ओटिस कंपनीने स्वतःच्या हातानेच घालवलं. जाहिरातींत आणि पेटंटच्या कागदांत तीच हा शब्द सरकत्या जिन्याचं सामान्य नाव म्हणून लिहीत राहिली, आणि १९५० मध्ये नोंदणी रद्द झाली. ‘थर्मॉस’च्या १९६३ च्या खटल्यात पाहणीचे आकडे पुढे आले: साधारण ७५ टक्के लोक अशा कुठल्याही बाटलीला थर्मॉस म्हणत होते, आणि तो कुणाचा तरी ट्रेडमार्क आहे हे जेमतेम १२ टक्क्यांना ठाऊक होतं. न्यायालयाने मध्यममार्ग काढला. इतरांनी रोमन लिपीतल्या लहान अक्षरात हा शब्द लिहावा आणि सोबत आपलं नाव लावावं, मोठ्या अक्षराचं रूप मूळ कंपनीकडे राहील. हा निकाल वाचते तेव्हा मला दर वेळी वाटतं, की देवनागरीत हे करता आलं नसतं. आपल्याकडे लहान-मोठं अक्षर नाही. विशेषनाम आणि सामान्यनाम कागदावर अगदी सारखं दिसतं, त्यामुळे मराठी शब्दाच्या खटल्यात वाचणाऱ्याच्या मनातला अर्थ सोडून धरायला दुसरं काहीच नसतं.

लोक एखादा ट्रेडमार्क क्रियापदासारखा वापरायला लागले, म्हणजे तो गेलाच, असं मात्र नाही. ‘गूगल करून बघ’ आपण सगळेच म्हणतो. एकाने गूगल हा शब्द असलेली ७६३ संकेतस्थळांची नावं नोंदवली आणि वर दावा केला, की हा शब्द आता सामान्य झालाय. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने तो फेटाळला. बोलताना क्रियापद केलं, तरी सर्च इंजिनचं नाव म्हणून गूगल ऐकल्यावर लोक कुठलंही सर्च इंजिन समजतात का, की एकच कंपनी समजतात? एकच समजतात. झेरॉक्सचंही तेच. आपण झेरॉक्स काढून आणतो, पण यंत्र विकत घ्यायला गेल्यावर ‘कुठल्या कंपनीचं झेरॉक्स?’ असं विचारणारा आणि ‘झेरॉक्स कंपनीचं की दुसरं?’ असं विचारणारा, यांच्यात फरक आहे. खटला उभा राहिला तर या दोघांपैकी कोण जास्त आहेत, हे पाहावं लागतं.

इथवरचं थोडक्यात असं: वस्तूचं नाव वस्तूपाशी राहावं, आणि शब्द आपल्या मूळ अर्थापासून लांबच्या मालावर असेल, तर तो रोजचा असला तरी खुशाल द्यावा. अडचण मधल्या पायरीची आहे, आणि तुमचं अ‍ॅप नेमकं तिथे उभं आहे.

वर्णन करणारा शब्द. इथे ‘अवलंबून आहे’ असं म्हणणं मला भाग आहे. जवळजवळ सगळ्या देशांचे कायदे इथे सारखी मांडणी करतात. भारताच्या १९९९ च्या कायद्याचं कलम ९ सांगतं, की मालाचा प्रकार, दर्जा, प्रमाण, उपयोग एवढंच दाखवणारे शब्द आणि चालू भाषेत किंवा व्यापारात रूढ झालेले शब्द नोंदवायचे नाहीत. मग पुढे अपवाद येतो: अर्जाच्या तारखेपूर्वी वापरामुळे त्या शब्दाला वेगळी ओळख मिळाली असेल, तर नोंदवता येतो. म्हणजे शब्द ऐकल्यावर गिऱ्हाइकाच्या मनात आधी वर्णन न येता अमुक एक विक्रेता यायला हवा. युरोपच्या न्यायालयाने १९९९ मध्ये कीमझे या सरोवराच्या नावावरून झालेल्या खटल्यात याला आणखी एक बाजू जोडली: असे शब्द सगळ्यांना वापरता यावेत यात सार्वजनिक हित आहे, आणि ओळख मिळाली की नाही हे ठरवताना बाजारातला वाटा, वापर किती जुना आणि किती पसरलेला, जाहिरातीवरचा खर्च, व्यापारी संघटना काय सांगतात, हे सगळं तपासावं.

हा अपवाद असावा का? असावा. एखाद्याने वीस वर्षं मेहनत करून साध्या शब्दाला खरोखर आपली खूण बनवलं असेल आणि दुसरा केवळ त्या नावावर गिऱ्हाईक ओढायला येत असेल, तर ग्राहकच फसतो. अशा वेळी ‘शब्द सगळ्यांचा आहे’ म्हणणं म्हणजे आयत्या बिळावर नागोबाला जागा देणं. पण हा हक्क अरुंद असायला हवा. २०२० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘बुकिंग डॉट कॉम’ला नोंदणीचा मार्ग ८ विरुद्ध १ मतांनी मोकळा केला. पाहणीत ७४.८ टक्के लोकांनी ते एका कंपनीचं नाव म्हणून ओळखलं होतं. मला एकट्या विरोधी मताची, न्यायमूर्ती ब्रेयर यांची, चिंता जास्त पटते. सामान्य शब्दाला ‘डॉट कॉम’ जोडलं की नाव तयार, असं झालं तर जो पहिला आला त्यालाच सगळं मिळेल. तरी बहुमताच्या निकालातही तुमच्या कामाची एक गोष्ट आहे. कंपनीने स्वतःच कबूल केलं होतं, की तिचा ट्रेडमार्क दुबळा असेल आणि जवळपासच्या नावांना ती सहजी अडवू शकणार नाही. वर्णनात्मक शब्द घेणाऱ्याने किंमत मोजायची असते ती हीच: शेजाऱ्याशी जुळवून घ्यावं लागतं.

भारतात २००८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ‘शुगर फ्री’च्या खटल्यात जवळपास हेच केलं. गोडी आणणाऱ्या गोळ्यांवर हे शब्द एका कंपनीची ओळख बनले होते, आणि दुसऱ्या कंपनीने साखर नसलेल्या गोठवलेल्या पदार्थावर ते ठसठशीत छापले होते. न्यायालयाने शब्द हिरावून घेतले नाहीत. एवढंच सांगितलं, की ते तुमच्या स्वतःच्या ब्रँडपेक्षा मोठ्या अक्षरांत छापू नका, वर्णन म्हणून वापरा. मला हा निकाल फार आवडतो. ग्राहकाचा गोंधळ टळला आणि भाषा कुणाला गहाण पडली नाही.

वर्णनाला मुखवटा चढवून आत शिरण्याचे प्रकारही कायम चालतात. स्पेलिंग बदलून काही साधत नाही. ‘लाइट’ बिअरचं स्पेलिंग बदलून ते आपलंच म्हणणाऱ्या कंपनीला अमेरिकेतल्या न्यायालयाने १९७७ मध्ये नकार दिला, कारण कानाला शब्द तोच पडतो. उद्या कुणी ‘उजळनी’ किंवा रोमन लिपीत लिहून आणलं, तरी तेच. परभाषेतला शब्द उचलण्याची युक्ती मात्र जास्त धोक्याची आहे, कारण तपासणाऱ्याला ती भाषा येत नसेल तर शब्द नवा-कोरा वाटतो. कुपुआसू हे अ‍ॅमेझॉनच्या जंगलातल्या फळाचं नाव. एका जपानी कंपनीने तेच जपानमध्ये ट्रेडमार्क म्हणून नोंदवलं. ब्राझीलमधल्या लोकांनी आवाज उठवला आणि २००४ मध्ये जपानच्या कार्यालयाने नोंदणी रद्द केली. मराठी शब्दांबाबत ही भीती मला खरोखर वाटते. अर्जात ‘हा शब्द कल्पित आहे’ असं लिहिलेले, पण मराठी माणसाला लहानपणापासून ठाऊक असलेल्या शब्दांचे अर्ज मी पाहिलेत. तपासणारा अधिकारी दुसऱ्या भाषेतला असेल, तर त्याने कशावरून ओळखावं? आपल्या भाषेच्या शब्दांवर नजर ठेवण्याचं काम शेवटी ती भाषा बोलणाऱ्यांनाच करावं लागतं. नोंदणीपूर्वी अर्ज ट्रेडमार्क कार्यालयाच्या जर्नलमध्ये प्रसिद्ध होतो आणि भारतात त्यानंतर चार महिने कुणीही विरोध नोंदवू शकतं. ‘कुणीही’ हा शब्द मुद्दाम वापरला आहे. त्यासाठी तुमचा धंदा अडलेला असायलाच हवा असं नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे इतकं लांब उत्तर लिहायला बसले ती सांगते. कायद्याची रेघ बहुतांशी योग्य ठिकाणी आहे. नुकसान होतं ते त्या रेघेपर्यंत कुणी पोचतच नाही म्हणून. वकिलीच्या पहिल्या काही वर्षांत मी एका अशिलासाठी एक नोटीस लिहिली होती. शब्द निव्वळ वर्णनाचा होता, नोंदणी चित्रासकट लेबलाची होती, नुसत्या शब्दाची नव्हती. समोरची बाई घरातून छोटा व्यवसाय करत होती. तिने कुणाला विचारलं असतं, तर उत्तर सोपं होतं. तिने विचारलं नाही. आठ दिवसांत नाव बदललं, छापलेला माल बाजूला काढला आणि माफीचं पत्र पाठवलं. ते पत्र वाचल्यावर मला जिंकल्यासारखं वाटलं नाही. त्यानंतर मी नियम केला, की न्यायालयात स्वतःच्या तोंडाने मांडू शकणार नाही असा दावा नोटिशीत लिहायचा नाही. काही अशील त्यामुळे दुसरीकडे गेले.

हे मोठ्या प्रमाणावरही घडतं. ‘सुपरहिरो’ या शब्दावर मार्व्हल आणि डीसी या दोन प्रतिस्पर्धी चित्रकथा-कंपन्यांचा मिळून अनेक दशकं अमेरिकेत ट्रेडमार्क होता. दोन वेगळ्या कंपन्या एकच शब्द मिळून वापरतात, याचाच अर्थ तो कुणा एकाची खूण नाही, हे कुणाच्याही लक्षात येईल. तरी छोट्या चित्रकथाकारांपैकी लढायला कोण जाणार? अखेर एका छोट्या कंपनीने आव्हान दिलं, दोघांनी उत्तरच दाखल केलं नाही, आणि २०२४ मध्ये नोंदण्या रद्द झाल्या. इतकी वर्षं उभी असलेली भिंत एका अर्जाने पडली, कारण तिला पायाच नव्हता.

म्हणून धोरणात काही बदलायचं असेल, तर माझं मत असं, की नुसत्या नोंदणीचे नियम कडक करून भागणार नाही. पोकळ धमकी देणाऱ्यालाही तिची झळ बसायला हवी. भारताच्या कायद्यात कलम १४२ आहे: निराधार धमकी मिळालेला माणूस स्वतः न्यायालयात जाऊन ती थांबवायला सांगू शकतो, नुकसानभरपाई मागू शकतो. ब्रिटनने तर २०१७ मध्ये यासाठी स्वतंत्र कायदाच केला. आपल्याकडचं कलम मात्र फार कमी वापरलं जातं, आणि धमकी देणाऱ्याने तत्परतेने दावा लावला की त्याची धार जातेच.

आता तुमच्या नोटिशीकडे. तुम्ही मजकूर टाकलेला नाही, तेव्हा काय बघायचं ते सांगते.

नोटिशीत नोंदणी क्रमांक असेलच. नसेल तर तिथेच शंका घ्या. ट्रेडमार्क कार्यालयाच्या संकेतस्थळावर तो टाकला की सगळी नोंद मोफत दिसते. तिथे पहिल्यांदा स्थिती पाहा. ‘आमचा ट्रेडमार्क’ असं दणकून लिहिलेलं असतं, आणि उघडून पाहावं तर नुसता अर्ज पडून असतो किंवा त्यावर आक्षेप निघालेला असतो. नुसता अर्ज केला तरी कुणीही नावापुढे टीएम लिहू शकतं; वर्तुळातला आर लावायला नोंदणी लागते. मग पाहा, की नोंदणी नुसत्या शब्दाची आहे की चित्र आणि इतर शब्दांसकट लेबलाची. लेबलाची असेल, तर त्यातला एकटा सामान्य शब्द उचलून मक्तेदारी सांगता येत नाही. कलम १७ तेच म्हणतं. १९९४ मध्ये ‘मायक्रोटेल’ आणि ‘मायक्रोनिक्स’च्या वादात सर्वोच्च न्यायालयाने ‘मायक्रो’ हा भाग कुणा एकाचा नाही असं सांगितलं आणि उरलेल्या भागांची तुलना केली. त्यानंतर वर्ग. माल आणि सेवांचे मिळून ४५ वर्ग आहेत. त्यांची नोंदणी शिक्षणाच्या किंवा सॉफ्टवेअरच्या वर्गात असेल तर प्रश्न गंभीर आहे. पॉलिशच्या वर्गात असेल तर बराच हलका. आणि तारखा: त्यांनी वापर कधी सुरू केला, नोंदणी कधीची, तुमचा वापर कधीपासून. दोन्हींच्या आधीपासून तुम्ही सलग वापरत असाल, तर कलम ३४ तुम्हाला राखतं. पहिलं बिल, अ‍ॅप पहिल्यांदा टाकल्याची नोंद, जुन्या जाहिराती, सगळं आजच गोळा करून ठेवा.

शब्द सामान्य आहे हे दाखवायला मोल्सवर्थपासूनचे मराठी शब्दकोश, जुनी क्रमिक पुस्तकं, आणि इतर प्रकाशकांनी हा शब्द शीर्षकात वापरल्याचे दाखले काढा. हा पुरावा जितका जुना आणि जितक्या वेगवेगळ्या लोकांचा, तितका वजनदार.

एक अवघड गोष्ट स्पष्ट सांगते. प्रामाणिकपणे वर्णनासाठी वापरलेला शब्द कलम ३० आणि ३५ खाली सुरक्षित आहे. पण तुमच्या अ‍ॅपवर ‘उजळणी’ वर्णन म्हणून आलाय का? ‘चौथीच्या गणिताची उजळणी’ असं असेल आणि वर तुमचं स्वतःचं वेगळं नाव ठळक असेल, तर तुमची बाजू भक्कम आहे. पण ‘उजळणी’ हेच मोठ्या अक्षरांत अ‍ॅपचं नाव असेल, तर तुम्हीही तो शब्द खूण म्हणूनच वापरताय. मग त्यांचा शब्द पोकळ आहे असं सांगून लढता येईल, नोंदणी रद्द करायचा अर्जही करता येईल. फक्त त्यात जिंकलात तर शब्द सगळ्यांचा होईल, तुमचा नाही. परवा तिसऱ्या कुणी ‘उजळणी’ नावाचं अ‍ॅप काढलं, तर तुमचाच युक्तिवाद तो तुमच्यापुढे ठेवेल.

माझ्याकडे असा वाद घेऊन येणाऱ्या बहुतेकांना मी पहिल्याच बैठकीत विचारते: हा शब्द तुम्हाला मोकळा हवाय, की तुमच्यासाठी हवाय? दोन्हींसाठी वेगळी लढाई लढावी लागते. मोकळा हवा असेल, तर अ‍ॅपला स्वतःचं एक वेगळं नाव द्या, ते नोंदवा, आणि ‘उजळणी’ त्याच्याखाली वर्णन म्हणून निर्धास्तपणे ठेवा. नोटिशीच्या उत्तरात तसं ठणकावून लिहा: शब्द आम्ही सोडत नाही, तो तुमचा नाही, आणि आमचाही नाही. स्वतःसाठी हवा असेल, तर खर्च, वर्षं आणि पुरावा यांची तयारी ठेवून चांगल्या वकिलाकडे जा, आणि समोरच्याइतकीच तुमचीही बाजू दुबळी असू शकते हे मनात धरून जा.

नोटिशीतले पंधरा दिवस समोरच्या वकिलाने ठरवलेले आहेत, न्यायालयाने नाही. तरी उत्तर द्याच, गप्प बसू नका; पुढे प्रकरण उभं राहिलं तर गप्प बसणं तुमच्याच अंगावर येतं. आणि उत्तर जाण्याआधी फोनवर किंवा ईमेलवर ‘बरं, बदलतो’ असं काही कबूल करू नका. नोंदीची स्थिती, नोंदणी शब्दाची की लेबलाची, वर्ग, आणि दोन्हीकडच्या वापराच्या तारखा, एवढं इथे लिहिलंत (कंपनीचं नाव नको), तर उत्तराचा मसुदा कसा असावा ते सांगते.